द्राक्षबागेतला व्हायरस कसा ओळखायचा: सोलापुरातल्या नव्या बागायतदारांसाठी

पहिल्यांदा बाग धरली की भुरी, डाऊनी आणि करपा या बुरशीच्या रोगांची ओळख पटायला एक हंगाम पुरतो. पानावर काहीतरी दिसतं, बोटाला लागतं, दुकानदारही फोटो पाहून औषध काढून देतो. व्हायरसच्या बाबतीत यातलं काहीच घडत नाही. वेल मरत नाही, पान कुजत नाही. एखाद्या ओळीतल्या चार-पाच वेली शेजारच्यांपेक्षा मागे राहतात, रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं साधन) लावला की गोडी अडून बसलेली, आणि व्यापारी नेमका तेवढा भाग ‘पुढच्या फेरीला बघू’ म्हणून सोडून जातो. बेदाणा करणाऱ्याला हा फटका थेट वजनात दिसतो, कारण गोडी कमी असली की तेवढ्याच बेदाण्याला जास्त द्राक्षं लागतात. मग दोष जातो पाण्याला, खताला, नाहीतर छाटणीच्या टोळीला.

कासेगाव, नान्नज, वैराग या पट्ट्यात नव्यानं द्राक्षात उतरलेल्यांसाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: सोलापुरात नुसत्या डोळ्यांनी व्हायरस ओळखण्यावर फार भिस्त ठेवू नये. डोळ्यांनी संशय घ्यायचा, वेलीवर खूण करायची आणि निकाल प्रयोगशाळेकडून घ्यायचा. त्यातही तपासणीचा पहिला पैसा उभ्या बागेवर नाही, तर जिथून कलमाची काडी आणणार त्या वेलीवर खर्च करायचा.

कॅलेंडर आपलं वापरा

मोबाईलवर दिसणारे रोगट पानांचे फोटो बहुतेक कॅलिफोर्निया, फ्रान्स, इटलीतले असतात. तिथे वेल थंडीत पूर्ण झोपते, वर्षाला एकच छाटणी होते, आणि माहितीत लिहिलेलं असतं ‘वसंतात पाहा’, ‘पानगळीआधी पाहा’. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, म्हणजे वर्षातून दोनदा नवी फूट. म्हणून ऋतू विसरा आणि छाटणीपासूनचे दिवस मोजा.

लीफरोल, म्हणजे पानाच्या कडा खाली वळवणारा विषाणूरोग, पाहायचा तो फळछाटणीनंतर, मण्यात पाणी उतरायला लागल्यापासून काढणीपर्यंत. आपल्याकडे हा काळ साधारण डिसेंबरअखेर ते मार्च. त्याआधी वेल बाधित असूनही पान हिरवंगार दिसू शकतं. याउलट फॅनलीफची, म्हणजे पान पंख्यासारखं करणाऱ्या विषाणूरोगाची, लक्षणं कोवळ्या फुटीवर येतात आणि उन्हाच्या तडाख्यात फिकी पडतात. म्हणून ती फळछाटणीनंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात शोधा. खरड छाटणीनंतर सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा काही दिसलं नाही म्हणून वेल निरोगी ठरवू नका.

नेमकं काय शोधायचं

सगळ्यात जास्त लक्ष लीफरोलकडे द्या. हा एका विषाणूचा रोग नाही, लीफरोलशी जोडलेले अनेक विषाणू आहेत आणि त्यांना आकड्यांनी ओळखतात. त्यातला तीन नंबरचा, जीएलआरएव्ही-३, जगभर सगळ्यात जास्त पसरलेला आहे. महाराष्ट्रातल्या बागांतून एक आणि तीन नंबरची नोंद झालेली आहे.

शरद सीडलेस, नानासाहेब पर्पल, क्रिमसन अशा रंगीत वाणांत तो स्पष्ट दिसतो. काडीच्या बुडाकडचं जुनं पान हातात घ्या. शिरांच्या मधला भाग लालसर-जांभळा झालेला असतो, मुख्य शिरा मात्र हिरव्याच राहतात, आणि पानाच्या कडा खालच्या बाजूला वळलेल्या असतात. पान मुठीत दाबलं तर निरोगी पानासारखं मऊ दबत नाही, जाड लागतं आणि चटकन तुटतं. सुरुवात बुडाच्या पानांपासून होते आणि लाली हळूहळू शेंड्याकडे चढते. घडाला रंग उशिरा येतो, कधी अर्धवटच येतो.

लाली शिरांमध्येही उतरलेली दिसली तर रेड ब्लॉच हा वेगळा विषाणू मनात ठेवा. त्याची ओळख अमेरिकेत २०१२ साली पटली. तो डीएनए गटातला आहे, त्यामुळे लीफरोलच्या चाचणीत सापडत नाही.

आता आपली खरी अडचण. सोलापुरातल्या बहुतेक बागा पांढऱ्या वाणांच्या आहेत: थॉमसन, तास-ए-गणेश, माणिक चमन, आणि नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी निवडलेली सोनाका. पांढऱ्या वाणात पान लाल होतच नाही. फार तर शिरांमध्ये फिकट पिवळेपणा येतो, कडा थोड्या खाली वळतात. थॉमसन तर लीफरोल पोटात घेऊनही जवळजवळ काहीच न दाखवणारा वाण आहे. खाली खुंट, म्हणजे ज्याच्यावर कलम करतात तो मुळांचा भाग, डॉगरिज. तो अमेरिकन जातीतला, आणि अमेरिकन खुंटांवर लीफरोलची लक्षणं सहसा दिसतच नाहीत. म्हणजे वर थॉमसन, खाली डॉगरिज असली जोडी असेल तर दोघंही तोंड उघडत नाहीत. खुंट आणि वरचा वाण यांपैकी एकात विषाणू असला की कलम जुळल्यावर तो दुसऱ्यातही उतरतो. पांढऱ्या वाणाच्या बागेत म्हणून पानापेक्षा गोडीचा माग काढा. काढणीच्या पंधरा दिवस आधी ओळीनं रिफ्रॅक्टोमीटर लावत जा. सारखं पाणी, सारखा माल असूनही दरवर्षी त्याच वेली मागे पडत असतील, तर संशय रास्त आहे.

फॅनलीफमध्ये पानाचा देठाकडचा खोलगट भाग उघडा पडतो, दाते टोकदार होतात आणि पान अर्धवट मिटलेल्या हातपंख्यासारखं दिसतं. काडीची पेरं आखूड, कधी एकाच जागी दोन डोळे, काडी नागमोडी. घडात मोठ्या मण्यांमध्ये बारीक, न वाढलेले मणी, म्हणजे शॉट बेरी. हा विषाणू मातीतली एक सूत्रकृमी पसरवते, म्हणून बाधा ठिपक्यासारखी एका जागी सुरू होते आणि फार सावकाश सरकते.

खोडाचा तिसरा प्रकार आहे, त्यात साल सोलल्यावर आतल्या लाकडावर खड्डे किंवा उभ्या चरा दिसतात. कलमाच्या जोडाजवळ थोडी साल काढून पाहता येतं. पण डॉगरिज जोमदार खुंट आहे, जोडाच्या खाली-वर जाडीत फरक पडतोच. नुसत्या जाडीवरून घाबरू नका, लाकडावर चरा असतील तरच नोंद घ्या. याशिवाय फ्लेक हा विषाणू आणि काही व्हायरॉइड (विषाणूहूनही लहान रोगकारक) असतात, ते बागेत उभं राहून ओळखण्याच्या फंदात पडूच नका.

नक्कल करणारे आधी बाजूला काढा

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

पहिला मान २,४-डी चा. आपल्याकडे द्राक्षाच्या बांधाला लागून ऊस नाहीतर ज्वारी असते. शेजाऱ्यानं वाऱ्यात तणनाशक मारलं की चार दिवसांत द्राक्षाचा शेंडा हुबेहूब फॅनलीफसारखा होतो: पंख्यासारखं पान, लांब टोकदार दाते, शिरा एकमेकींच्या जवळ आलेल्या. फरक तीन ठिकाणी सापडतो. एक, इजा बांधाकडच्या ओळींत जास्त असते आणि आत कमी होत जाते. विषाणूला बांध कुठला आहे हे ठाऊक नसतं. दोन, बांधावरचा कापूस, टोमॅटो, रुंद पानांचं तण यांचीही पानं वाकडी झालेली दिसतात. तीन, आणि हे सगळ्यात भरवशाचं: औषधाचा असर ओसरला की त्याच काडीवर पुढची पानं सरळ येतात, आणि पुढच्या छाटणीनंतर वेल स्वच्छ फुटते. फॅनलीफ असेल तर त्याच वेलीवर लक्षणं पुन्हा येतात. शेजाऱ्याशी वाद घालायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

जस्ताची कमतरता हा दुसरा सोंगाड्या. लहान पान, उघडा देठ, शॉट बेरी, सगळं फॅनलीफसारखं. बोरॉन कमी पडलं तरी शॉट बेरी येतात. जिब्रेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाचं प्रमाण चुकलं तरी घड विचित्र होतो, तेव्हा डिपिंगची (घड द्रावणात बुडवल्याची) वही आधी पाहा.

मॅग्नेशियम कमी पडलं तर जुन्या पानांत शिरांच्या मधे पिवळेपणा येतो, रंगीत वाणात तो लालसर होतो आणि लीफरोलचा भास होतो. तो बहुतेक संपूर्ण प्लॉटभर किंवा हलक्या जमिनीच्या पट्ट्यात असतो. एक वेल लाल आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या हिरव्या, असं सहसा नसतं. पालाश कमी असेल तर कडा करपतात. चुनखडीच्या जमिनीत लोह लागू होत नाही आणि पिवळेपणा येतो, पण तो नव्या, शेंड्याकडच्या पानांवर. लीफरोल बुडापासून वर जातो, लोहाची कमतरता शेंड्यावर असते. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. बोअरचं पाणी खारट असेल तर कडा जळतात, त्यात विषाणू शोधू नका.

एकच ओलांडा (खोडाची आडवी फांदी) किंवा एकच काडी लाल झाली असेल तर तिचा माग बुडापर्यंत घ्या. तार रुतलेली असते, खोडकिडीचं छिद्र असतं, नाहीतर गर्डलिंगची (साल गोल कापल्याची) जखम भरलेली नसते. पानातली साखर खाली उतरायची वाट बंद झाली की पान लाल होतं. फुलकिडे आणि कोळी यांचं नुकसान भिंगातून कळतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवाच, त्याच्यासारखी स्वस्त आणि कामाची वस्तू बागेत दुसरी नाही.

वेलींचा नकाशा

वहीत चौकोन आखून प्रत्येक ओळ आणि प्रत्येक वेल मांडा. ‘ओळ ७, वेल २३’ असा पत्ता पडला की पुढचं सगळं सोपं. संशयित वेलीला रंगीत पट्टी बांधा, पण कागदावर नोंद हवीच, कारण छाटणीच्या टोळीच्या कात्रीतून पट्ट्या वाचत नाहीत. पांढरा आणि रंगीत असे दोन्ही वाण असतील तर नकाशे वेगळे ठेवा. दोन हंगामांचे नकाशे शेजारी ठेवले की ते बोलायला लागतात.

संशयित वेली प्लॉटभर विखुरलेल्या, पहिल्या पिकापासूनच तिथे: विषाणू काडीबरोबर आला. एका वेलीपासून सुरू होऊन ओळीत दोन्हीकडे वाढत गेलेल्या: मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, तो पसरवतो आहे. बांधाकडे गर्दी: तणनाशक. ओळी न जुमानता जमिनीच्या पोताप्रमाणे पट्टा: अन्नद्रव्य किंवा क्षार.

मिलीबगचं इथे थोडं जास्त सांगतो. लीफरोलचे मुख्य विषाणू मिलीबग आणि मऊ खवले किडी पसरवतात. त्यातही नुकती अंड्यातून निघालेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं जास्त घातक असतात. ती मजुरांच्या कपड्यांवरून, क्रेटवरून, काड्यांवरून फिरतात. त्यामुळे संशयित प्लॉटमधलं काम दिवसाच्या शेवटी ठेवा. छाटणीच्या कात्रीनं लीफरोल पसरतो अशी समजूत आहे, तिला आधार नाही. कात्री धुण्यात वेळ घालवण्यापेक्षा खोडाची सैल साल काढून खाली काय लपलंय ते पाहा, आणि खोडावर मुंग्यांची रांग चढत असेल तर तिच्या टोकाला मिलीबग सापडेल असं समजा.

नमुना काढणे

खतासाठी आपण देठ परीक्षण करतो, ते वेगळं. त्या नमुन्याला वाळवून दळतात आणि अन्नद्रव्यं मोजतात. विषाणूसाठी नमुना ताजा लागतो. ‘देठ दिले होते, रिपोर्ट चांगला आला’ असं म्हणून व्हायरसबाबत निर्धास्त झालेले भेटतात, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

आधी प्रयोगशाळेला फोन करा. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याला मांजरीत, आपल्या सोलापूर रस्त्यावरच आहे. तिथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा: कोणत्या विषाणूंची तपासणी होते, शुल्क किती, पान हवं की काडी, नमुना कोणत्या वारी पोचलेला चांगला. प्रयोगशाळेनं वेगळं काही सांगितलं तर खालच्या सूचना सोडून तिचं ऐका.

लीफरोलचे विषाणू अन्नवाहिनीत राहतात आणि वेलीत सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. एका ओलांड्यात भरपूर, दुसऱ्यात नावाला. म्हणून एका जागची पानं तोडून चालत नाही. वेलीच्या दोन्ही बाजूंनी, वेगवेगळ्या काड्यांच्या बुडाकडची पाच-सहा जून पानं देठासकट घ्या. चाचणीत मुख्य उपयोग देठाचाच होतो. शेंड्याचं कोवळं, टवटवीत पान लीफरोलसाठी कामाचं नाही. फॅनलीफचा संशय असेल तर उलट करा, कोवळी पानं घ्या.

दुसरी चांगली संधी खरड छाटणीच्या वेळी मिळते. काड्या तशाही तुटणारच असतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पक्व, तपकिरी काडीचे वीतभर तुकडे एका वेलीच्या तीन-चार जागांवरून घ्या. प्रयोगशाळेत वरची कोरडी साल खरवडून टाकतात आणि तिच्या खालचा ओलसर हिरवट थर काढतात. विषाणू त्या थरात असतो. म्हणून काडी वाळलेली चालत नाही. सुरीनं नखभर खरवडून पाहा: आत हिरवं आणि ओलं दिसलं तर पाठवा, तपकिरी दिसलं तर दुसरी घ्या.

एक वेल, एक पिशवी. चार वेलींची पानं एकत्र केली तर रिपोर्ट आल्यावर कोणती वेल काढायची हे कळणार नाही. पिशवीवर ओळ-वेल क्रमांक, वाण, खुंट, लागवडीचं वर्ष, छाटणीची तारीख आणि काय दिसलं ते लिहा. जवळची एक निरोगी दिसणारी वेलही पाठवा. पानं ओली करू नका, पोचेपर्यंत कुजतात. किंचित दमट वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसोबत ठेवा, पण पान बर्फाला चिकटू देऊ नका. सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा. शनिवारी पाठवलेला डबा कुरिअरच्या गोदामात रविवार काढतो, आणि आपल्याकडच्या फेब्रुवारीतही दुपारचं ऊन त्याला पुरेसं होतं.

चाचण्या

एलायझा ही स्वस्त आणि एका वेळी बरेच नमुने तपासणारी. हाताएवढ्या प्लॅस्टिकच्या पट्टीत ९६ छोटे खळगे असतात. खळग्याला विषाणू पकडणारी प्रतिपिंडं लावलेली असतात. त्यात देठाचा रस घालतात, धुतात, मग विकर जोडलेली प्रतिपिंडं घालतात, पुन्हा धुतात आणि शेवटी एक द्रव्य ओततात. विषाणू असेल तर खळगा पिवळा होतो, नसेल तर पाण्यासारखा राहतो. पिवळेपणा यंत्र मोजतं, त्यामुळे ‘थोडासा पिवळा वाटतोय’ असा वाद राहत नाही.

आरटी-पीसीआर जास्त बारीक पकडते. लीफरोल, फॅनलीफचे विषाणू आरएनएचे असतात. त्या आरएनएची आधी डीएनए प्रत बनवतात, मग ती वाढवून शोधतात. कोविडच्या काळात हे नाव घरोघरी पोचलंच आहे. विषाणू थोडा असेल तिथे एलायझा चुकते आणि ही पकडते. आई-वेल, म्हणजे जिच्यावरून काडी घेणार ती वेल, तपासायची असेल तर पैसे इथे घाला. कलमाद्वारे सूचक वेलीवर तपासण्याची जुनी पद्धतही आहे, लीफरोलसाठी कॅबरने फ्रांक वापरतात, पण तिला दोन-तीन वर्षं लागतात. ती संशोधन केंद्रांचं काम आहे, आपलं नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टमध्ये विषाणूचं नाव आणि नंबर पाहा. ‘व्हायरस निगेटिव्ह’ एवढंच लिहिलेलं असेल तर कोणता, हे विचारा. लीफरोल-३ निगेटिव्ह म्हणजे लीफरोल-१ निगेटिव्ह नव्हे. नव्यानं लागण झालेली वेल काही महिने चाचणीत सापडत नाही. म्हणून लक्षणं कायम असतील तर निगेटिव्ह वेल पुढच्या हंगामात पुन्हा तपासा.

पॉझिटिव्ह आलेल्या वेलीला औषध नाही. कोणी बाटली दाखवून ‘व्हायरस जातो’ म्हणालं तर पाकीट खिशातच राहू द्या. वेली थोड्या असतील तर काढणीनंतर मुळांसकट काढा. जमिनीत राहिलेल्या जिवंत मुळांत विषाणू टिकतो आणि मिलीबगही तिथे आसरा घेतो. दक्षिण आफ्रिकेत रोगट वेली दरवर्षी उपटून आणि मिलीबग आवरून लीफरोल जवळजवळ नाहीसा केल्याची उदाहरणं आहेत. मात्र तिथे लाल वाण आहेत, दुरून दिसतात. आपल्याला तेच काम रिपोर्टवर करावं लागतं. परदेशी हिशेबात साधारण २५ टक्के वेली बाधित होईपर्यंत उपटणं परवडतं, त्यापुढे पूर्ण प्लॉट नव्यानं लावण्याचा विचार करतात. मिलीबगसाठी सैल साल काढणं, मुंग्या आवरणं, क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडणं हे बसवा, आणि फवारणी करायची तर निर्यातीच्या अवशेष मर्यादा पाहूनच करा.

काडी आणण्याआधी

आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत खुंट लावायचा आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यावर कलम करायचं, अशी रीत आहे. सायन काडी, म्हणजे खुंटावर बांधायची वरच्या वाणाची काडी, कुठून येते? ‘पाहुण्याच्या बागेत माल भारी आहे’, एवढ्यावर. माल भारी असलेली थॉमसन लीफरोल लपवून बसलेली असू शकते, हे वर सांगितलंच. म्हणून ज्या वेलींवरून काडी घेणार त्या निवडून, क्रमांक देऊन, कलमाच्या आधीच्या हंगामात तपासून घ्या. आठ-दहा निवडक वेली तपासणं एकरभर बाग तपासण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. रोपवाटिकेतून खुंट घेताना त्याच्या मातृवेलींची तपासणी केव्हा, कोणत्या विषाणूंसाठी झाली हे विचारा आणि उत्तर कागदावर मागा. उत्तर ‘आमच्याकडे कधी रोग आलाच नाही’ असं असेल तर डॉगरिजवर लीफरोल दिसत नाही, हे त्यांना सांगून पाहा.

केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५.६७ कोटी रुपयांचा क्लीन प्लांट कार्यक्रम मंजूर केला. त्यात देशभर नऊ केंद्रं धरली असून द्राक्षाचं केंद्र पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. तपासलेलं, विषाणूमुक्त लागवड साहित्य रोपवाटिकांपर्यंत पोचवणं हा त्याचा हेतू. नवीन प्लॉट लावण्याआधी तिथे चौकशी करा, आणि तुमचा वाण तिथे उपलब्ध नसेल तर तपासलेल्या वेलींवरूनच काडी घ्या. त्या वेलींचे क्रमांक नव्या प्लॉटच्या नकाशावरही उतरवून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी एखादी ओळ मागे पडलीच तर ती कोणत्या वेलीची लेक आहे हे शोधता येईल.